त्या दीड मिनिटाची मालकी

'स्वान लेक'चा पहिला प्रयोग मॉस्कोत ४ मार्च १८७७ ला झाला आणि फारसा कुणाला आवडला नाही. नृत्यरचना रायझिंगर नावाच्या एका सुमार माणसाची होती. पुढच्या काही प्रयोगांत नायिकेचं काम आन्ना सोबेश्चान्स्कायाकडे आलं. तिला ही रचना आपल्या मानाची वाटली नाही. ती तडक पीटर्सबर्गला मारियुस पेतिपाकडे गेली आणि तिसऱ्या अंकासाठी आपल्यापुरता एक नवा पा द दू, म्हणजे दोघांचा नाच, बसवून घेऊन आली. त्याचं संगीत लुडविग मिंकुसचं होतं. म्हणजे चायकोव्हस्कीच्या बॅलेत मधेच दुसऱ्याच संगीतकाराचा तुकडा! चायकोव्हस्की अर्थातच बिथरला. माझ्या बॅलेच्या संगीताची जबाबदारी माझी एकट्याची, असं त्याचं म्हणणं. पण बाई मागे हटेनात, कारण बसवलेला नाच मोडायची त्यांची तयारी नव्हती. शेवटी चायकोव्हस्कीनंच माघार घेतली. मिंकुसच्या संगीताच्या मात्रा मोजून, त्याच लयीत, तितक्याच लांबीचं नवं संगीत त्यानं लिहून दिलं, म्हणजे तिला एक पाऊलसुद्धा बदलायला नको. बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी आणखी एक व्हेरिएशन, म्हणजे एकट्यानं नाचायचा तुकडा, मागितलं, आणि त्यानं तेही दिलं. पुढे हे संगीत दप्तरात हरवलं, १९५३ मध्ये मॉस्कोत सापडलं आणि १९६० मध्ये न्यूयॉर्कला नृत्यरचनाकार बॅलंशिननं त्यावर स्वतःचाच नवा नाच बसवला. सोबेश्चान्स्कायाच्या पावलांचं पुढे काय झालं, याची त्यात कुणाला फिकीर नव्हती.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला चायकोव्हस्कीची कीव आली नाही. उलट ओळख पटली. माझा धंदा लेहरा धरण्याचा. पुण्यात कथकच्या वर्गांत आणि कार्यक्रमांत हार्मोनियमवर तीच ती सोळा मात्रांची ओळ वाजवत माझं आयुष्य गेलं. नाचणारी बाई आज कोणता तोडा घेणार, कुठून उचलणार, हे तिनं ठरवायचं आणि मी खाली जाजम अंथरून बसायचं. संगीतकार नर्तकीच्या पायाशी बसलेला मला नवा नाही. त्याचं नाव चायकोव्हस्की आहे, एवढंच काय ते नवल.

बॅलेतला मोठा पा द दू ठरलेल्या क्रमानं चालतो. आधी दोघांचा संथ अदाजिओ, मग त्याचं एकट्याचं व्हेरिएशन, मग तिचं, आणि शेवटी दोघांचा द्रुत कोडा. एकट्यानं नाचायच्या त्या तुकड्याला मिनिट-दीड मिनिट लागतं, फार तर दोन. तेवढ्यात सगळं दाखवायचं. आजकाल बॅलेवर लिहिणारे लोक या दीड मिनिटाचे दोन भाग पाडून बोलतात: तिचं तंत्र असं, तिची कला तशी. मला ही फाळणी खटकते. एकोणिसाव्या शतकात ती नव्हती असं नाही, पण तिचं आजचं रूप अलीकडचं आहे, आणि ते कसं आलं हे पाहण्यासारखं आहे.

पीटर्सबर्गच्या शाही रंगभूमीवर व्हेरिएशन ही नर्तकीची मिळकत समजली जाई. पेतिपा मूळचा मार्सेयचा फ्रेंच. १८४७ मध्ये तो रशियात आला आणि १९१० मध्ये वारला तो क्रिमियात. एवढ्या काळात त्यानं किती व्हेरिएशनं केली याचा हिशेब त्याला स्वतःला तरी लागला असता का, शंका आहे. नवी बॅलेरिना आली की जुन्या बॅलेतलं व्हेरिएशन काढायचं आणि तिच्यासाठी नवं घालायचं, ही रीत होती. पूर्वीच्या बाईचं व्हेरिएशन तिला विचारल्याशिवाय दुसरीनं नाचायचं नाही, हा संकेत. त्यासाठी नवं संगीत लागे. ते मिंकुस किंवा नंतर रिकार्दो द्रिगो दोन दिवसांत लिहून देत. 'पाकिता'तला ग्रां पा हा मोठा नाच पेतिपानं १८८१ मध्ये येकातेरिना वाझेमसाठी केला. आज तो पाहायला बसलात तर एकामागून एक व्हेरिएशनं येतात आणि कानाला लगेच कळतं की हे एका माणसाचं काम नाही. मिंकुस आहे, द्रिगो आहे, चेरेप्निन आहे. कुठून कुठून आलेल्या बायका आपापली व्हेरिएशनं घेऊन आल्या आणि ती तिथेच राहिली.

म्हणजे पेतिपा शिंप्यासारखा होता. अंगावर माप घेऊन शिवायचा. जिची उडी हलकी तिला उड्या, जिचा तोल पक्का तिला तोल, जिचे पाय सुरेख पण दम कमी तिला थोडंसं आणि थोडक्यात. त्यामुळे तंत्र कुठे संपलं आणि कला कुठे सुरू झाली, हा प्रश्न त्या बाईच्या बाबतीत पडतच नसे. ते तिचंच अंग होतं. वाझेमनं आपल्या आठवणींत पेतिपाशी झालेले खटके मोकळेपणानं सांगितले आहेत. ते वाचताना जाणवतं की माप घेतानाही भांडण व्हायचं, आणि दर वेळी शिंपीच जिंकायचा असं नाही.

या मापाचा सगळ्यात सुंदर नमुना 'स्लीपिंग ब्युटी'च्या पहिल्याच प्रवेशात आहे. जानेवारी १८९० मध्ये मारिइन्स्कीत तो बॅले आला. राजकन्येच्या बारशाला सहा पऱ्या येतात आणि प्रत्येक परी एक गुण देऊन जाते. पेतिपानं चायकोव्हस्कीला आधीच लेखी आराखडा दिला होता: इथे इतक्या मात्रा, ही लय, संगीताचा असा स्वभाव. चायकोव्हस्कीला हे अपमानास्पद वाटलं नाही. त्यानं त्यातूनच सोनं काढलं. ब्रेडचा चुरा विखुरणाऱ्या परीला तारा नखानं खुडल्यासारखं संगीत, कॅनरी परीला पिकोलोची किलबिल. ही कॅनरी अर्ध्या मिनिटाच्या आसपास येऊन जाते. एक परी नुसती तर्जन्या रोखत, जणू वीज फेकत नाचते. पावलं फार अवघड नाहीत, पण त्या बोटांना रोख नसेल तर सगळं फसतं. सहावी लायलॅक परी, सगळ्यांत मोठी. ते काम पेतिपाची मुलगी मारी करायची. मारी देखणी होती, तिच्या वावरण्यात ऐट होती, पण पॉइंटवर, म्हणजे बोटांच्या टोकांवर, ती फार मजबूत नव्हती. तिचा या वेषातला फोटो मिळतो. पायात पॉइंट शूज नाहीत, टाचेचे बूट आहेत. आज लायलॅक परीचं जे व्हेरिएशन जगभर नाचतात, उंच पाय, रुंद वळणं, ते नंतरच्या लोपुखोव्ह या नृत्यरचनाकाराच्या नावावर सांगतात. बापानं मुलीसाठी केलेलं ते नव्हे. मुलीला न पेलणारं काहीतरी बाप कशाला तिच्या गळ्यात घालील?

त्याच बॅलेतलं लग्नाच्या अंकातलं राजकन्या अरोराचं व्हेरिएशन मला फार आवडतं. तिथे ती काही मोठं करत नाही. बोटांच्या टोकांवर लहान लहान पावलं, मनगटं फिरवत हात खालून हळूहळू वर. ही मुलगी लहानाची मोठी झाली, असा त्याचा अर्थ अनेक जण लावतात, आणि तो मला पटतो. खरी गंमत त्या मनगटांत आहे. पहिल्या प्रयोगात हे कार्लोता ब्रिआन्झा या इटालियन बाईनं केलं. त्या काळी इटलीहून आलेल्या नर्तकींचा पॉइंट पोलादी होता. त्यांच्या मिलानच्या बुटांची टोकं रशियन बुटांपेक्षा टणक असत. असा पोलादी पाय हाताशी असताना पेतिपानं तिला वर मनगटं फिरवायला लावली. याला तंत्र म्हणायचं की कला? मला सांगता येत नाही आणि सांगायची गरजही वाटत नाही.

इटालियन म्हटलं की पिएरिना लेन्यानी आलीच. बत्तीस फुएते, म्हणजे एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाच्या फटक्यानं लागोपाठ घेतलेल्या बत्तीस गिरक्या, तिनं पीटर्सबर्गला १८९३ मध्ये 'सिंड्रेला'त दाखवल्या आणि १८९५ च्या 'स्वान लेक'मध्ये त्या कायमच्या घातल्या. तेव्हा चायकोव्हस्की वारून दीड वर्षंही झालं नव्हतं. द्रिगोनं संगीताची कापाकापी केली, पेतिपा आणि लेव्ह इव्हानोव्हनं नाच बसवला. आमच्याकडे कुणाला बॅलेतली एक गोष्ट ठाऊक असेल तर ती या बत्तीस गिरक्या, आणि लोक त्यांना काळ्या हंसिणीचं, म्हणजे ओडिलचं, व्हेरिएशन समजतात. त्या कोडामध्ये येतात. ओडिलचं खरं व्हेरिएशन त्यांच्या आधी होऊन गेलेलं असतं, आणि त्याचं संगीत तर 'स्वान लेक'चं नाहीच. चायकोव्हस्कीनं शेवटच्या वर्षी पियानोसाठी लिहिलेल्या अठरा तुकड्यांपैकी बारावा तुकडा द्रिगोनं वाद्यवृंदाला लावून तिथे ठेवला. जो माणूस मिंकुसच्या एका तुकड्यावरून मॉस्कोत हट्टाला पेटला, त्याच्याच पियानोची ही उचलाउचल त्याच्या मागे झाली. तरीही ती शोभते, हे मान्य करावं लागतं. त्या तुकड्यात एक लबाडी आहे. आता पुढे जाईन, आता थांबेन, असं ते संगीत करत राहतं, आणि ओडिलही तेच करत असते.

'जिझेल'च्या पहिल्या अंकातल्या व्हेरिएशनची गोष्टही अशीच. बॅले १८४१ चा, पॅरिसचा, संगीत आदांचं. पण ज्या व्हेरिएशननं आज जिझेल ओळखली जाते, जिथे ती एकाच पायाच्या बोटांच्या टोकावर उड्या घेत रंगमंच तिरका पार करते, ते तेव्हा नव्हतंच. ते पीटर्सबर्गला १८८० च्या दशकात जोडलं गेलं. संगीत आदांचं नव्हे, नाचही पॅरिसचा नव्हे. पण त्या तिरक्या रेघेवर मी दर वेळी अडकतो. ही मुलगी हृदयानं दुबळी आहे, आई तिला नाचू नको म्हणून कानीकपाळी ओरडत असते, आणि ती प्रियकराकडे बघत एका बोटावर उड्या मारते आहे. नर्तकीच्या चेहऱ्यावर कष्ट दिसले तर खेड्यातली पोर मेली. कष्ट अजिबात दिसले नाहीत तर दुबळं हृदय मेलं. ज्या थोड्याजणी मला भावल्या त्या दोन्हींच्या मधे कुठेतरी उभ्या होत्या, आणि कुठे ते मला पकडता आलेलं नाही. गालिना उलानोव्हाची जुनी, अस्पष्ट फिल्म पाहा. तिचा पाय आजच्या सोळा वर्षांच्या कुठल्याही मुलीपेक्षा खाली आहे.

'ला बायादेर'बद्दल एकच सांगतो, कारण तो बॅले आपल्या दक्खनच्या नावावर चालतो. गोवळकोंड्याचा राजा, त्याची मुलगी गमझाती, नायक सोलोर, देवदासी निकिया. गोवळकोंड्यात या नावाची माणसं कुणी पाहिली असतील तर पुढे या! नाच मात्र अव्वल आहे. त्यात सोन्यानं मढलेली एक मूर्ती जिवंत होऊन नाचते. हात मुद्रांसारखे, गुडघे बाहेर, उड्या दांडग्या. पाहणाऱ्यांना वाटतं हे १८७७ चं, पेतिपाचं. ती मूर्ती १९४८ ची आहे, निकोलाय झुबकोव्स्कीनं लेनिनग्राडमध्ये स्वतःच्याच उडीसाठी केलेली. पुरुषांची बरीचशी व्हेरिएशनं अशीच मागाहून आली. पेतिपाचा आवडता नायक पावेल गेर्त पंचेचाळिशी ओलांडली तरी राजपुत्र व्हायचा. त्याच्यासाठी जे शिवलं ते पुढच्या पोरांना तोकडं पडलं.

याच गेर्तनं आपल्या एका विद्यार्थिनीला, कसरती दुसऱ्यांना करू दे, तू त्यांच्या मागे लागू नकोस, असं बजावलं होतं. ती आन्ना पाव्हलोवा. बारीक घोटे, फार कमानदार तळवे, इटालियन गिरक्यांना न मानवणारा देह. १९०२ मध्ये ती निकिया नाचली. १९०७ मध्ये नृत्यरचनाकार फोकिननं तिच्यासाठी सॅं-सान्सच्या चेलोवर दोन मिनिटांचा हंस बसवला. पायांना काम एकच. बोटांच्या टोकांवर चिमुकली, अखंड पावलं. उडी नाही, गिरकी नाही, फुएते नाही. बाकी सगळं पाठीत आणि हातांत. तेच घेऊन ती जगभर फिरली, १९२२-२३ च्या हिवाळ्यात मुंबईलाही आली. परत गेल्यावर तिनं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून एक बॅले करून घेतला, आणि लंडनमध्ये तरुण उदयशंकरकडून राधाकृष्ण बसवून घेऊन स्वतः राधा झाली. मुंबईत हाफकिनच्या सोखी डॉक्टरांची पत्नी लीला रॉय, पुढे मॅडम मेनका, हिला नाचायचं धैर्य पाव्हलोवानं दिलं. मेनकेनं पुढे खंडाळ्याला नृत्यशाळा काढली आणि कथक घेऊन बॅलेसारखे समूहनाच बसवले. ज्या गावंदरीत मी लेहरा धरला ती अशी कुठे कुठे पीटर्सबर्गला जाऊन भिडते.

मग ही एकेकीची मापं सगळ्यांची कशी झाली? पहिलं कारण कागद. व्लादिमिर स्तेपानोव्ह या शाही रंगभूमीच्या नर्तकानं शरीराच्या हालचाली संगीताच्या चिन्हांसारख्या लिहिण्याची पद्धत शोधली आणि १८९२ मध्ये पॅरिसला छापली. तो तरुणपणीच, १८९६ मध्ये गेला. पण त्याच्या पद्धतीनं पेतिपाचे बॅले उतरवून ठेवायचं काम पुढे चाललं. क्रांतीनंतर निकोलाय सेर्गेयेव्ह ही बाडं घेऊन रशियाबाहेर पडला. लंडनला १९३० च्या दशकात 'जिझेल', 'स्वान लेक', 'नटक्रॅकर', 'स्लीपिंग ब्युटी' उभे राहिले ते या बाडांवरून. आज ती हार्वर्ड विद्यापीठात आहेत. सेर्गेयेव्ह नसता तर पश्चिमेला पेतिपा मिळाला नसता, हे खरंच. पण जे दर बाईबरोबर बदलायचं ते त्या दिवशी कागदावर ज्या बाईच्या अंगावर होतं तसं राहिलं, आणि पुढच्यांनी त्यालाच मूळ मानलं.

दुसरं कारण स्पर्धा. बल्गेरियातल्या वार्ना इथे १९६४ मध्ये पहिली आंतरराष्ट्रीय बॅले स्पर्धा भरली. १९७३ मध्ये लोझानची स्पर्धा आली, १९९९ मध्ये न्यूयॉर्कची यूथ अमेरिका ग्रां प्री. स्पर्धेत अख्खा बॅले दाखवता येत नाही, म्हणून व्हेरिएशन. त्याच यादीतलं, त्याच टेपवर, आधी आणि मागे काहीच नसताना. आई नाही, प्रियकर नाही, बारसं नाही. आणि परीक्षक गुण देणार तर कशाकशाला देणार? म्हणून तंत्र आणि कला यांचे वेगळे रकाने. इतिहासात जे एका बाईसाठी शिवलं होतं ते चौदा वर्षांच्या शेकडो मुली एकसारखं घालून उभ्या राहतात. त्यांचे कष्ट मी कमी लेखत नाही. गिरक्या तर आजच्या पोरींच्या लेन्यानीला लाजवतील.

लयीचं मात्र नुकसान झालं, आणि इथे मी माझ्या धंद्याचं बोलतो. कथकमध्ये लेहरा नाचणाऱ्यासाठी थांबत नाही. तिला समेवर यायचं असेल तर तिनं यावं, नाही आली तर सभेला कळतं. बॅलेत विसाव्या शतकात पाय वर वर जाऊ लागले. कानाजवळ नेलेला पाय खाली आणायला वेळ लागतो, म्हणून वाद्यवृंद सैल झाला. आजचं अरोराचं व्हेरिएशन ऐका. दोन स्वरांच्या मधे माणूस चहा पिऊन येईल. ज्या लबाड तुकड्यावर ओडिल थबकते आणि सुटते, तिथे आता सगळीच थबक आहे. पेतिपानं मात्रा मोजून मागवलेल्या संगीताची ही दशा पाहून मला चायकोव्हस्कीपेक्षा पेतिपाचं वाईट वाटतं.

नृत्यरचनाकार अलेक्सेई रातमान्स्कीनं २०१५ मध्ये अमेरिकन बॅले थिएटरसाठी स्तेपानोव्हच्या बाडांवरून 'स्लीपिंग ब्युटी' पुन्हा उभा केला. पाय कमरेच्या आसपास, गुडघे कुठे कुठे किंचित वाकलेले, काही गिरक्या पूर्ण टोकावर न घेता अर्ध्या चवड्यावर, आणि लय चपळ. काही प्रेक्षकांना नर्तकी कमजोर वाटल्या. मला त्यात नाच पुन्हा समेवर आल्यासारखा वाटला. तरी या खटपटीतही एक तिढा आहेच. बाडांत पाय नीट लिहिलेले असतात, पण पुष्कळ व्हेरिएशनांत हात आणि मान लिहायची राहून गेलेली आहे. लिहिणाऱ्याला ते बहुधा नर्तकीचं तिच्यापाशी ठेवायचं होतं, किंवा नुसता वेळ नव्हता. कारण कोणतंही असो, तिथे रातमान्स्कीला जुने फोटो पाहून भरावं लागलं.

आमच्या वर्गातली एक जुनी विद्यार्थिनी लग्न होऊन न्यूजर्सीला गेली. तिची मुलगी बॅले शिकते आणि स्पर्धेसाठी 'जिझेल'चं तेच व्हेरिएशन बसवते आहे. व्हिडिओ पाठवून तिनं विचारलं, "काका, पाय अजून वर जायला हवा ना?" मी म्हटलं, "अगं, पायाला हात लावू नकोस, आहे तो पुरे. ते हात बघ. ते इंटरनेटवरच्या कुठल्यातरी रशियन बाईचे जसेच्या तसे उचललेत पोरीनं. तिला सांग, उड्या घेताना तू कुणाकडे बघतेस ते आधी ठरव, हात आपोआप येतील. आणि टेप थोडी जलद लाव." तिनं ते मुलीच्या शिक्षिकेला सांगितलं. शिक्षिका म्हणाली, टेप बदलता येणार नाही, स्पर्धेचा नियम आहे. हातांचं मात्र तिनं ऐकलं. आता पोरगी तिरक्या रेघेवर निघाली की डावीकडच्या विंगेत बघते. तिथे तिची आई उभी राहते, हाताची घडी घालून, नाचू नको म्हणणारी.